पोटावरचा हात

माझ्या सासऱ्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. मी मुलगी बघायला अंबाजोगाईला गेलो होतो. खाली त्यांचं हॉस्पिटल आणि वर घर. आई-वडील पुढे, मामा मागे आणि मधे मी, असे आम्ही जिना चढत होतो, आणि हे गृहस्थ वरच्या पायरीवर उभे राहून माझ्या पायांकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, बुटांना काही लागलंय. मी खाली वाकून बघितलं आणि वाकताना माझ्या तोंडून बारीकसा आवाज निघाला. तोही त्यांनी ऐकला.

मी तेव्हा कड्याला साखर कारखान्यात केमिस्ट होतो. आदल्या संध्याकाळपासून बेंबीपाशी दुखत होतं. सकाळी एसटीत बसेपर्यंत ते दुखणं उजवीकडे सरकलं. आई म्हणाली, उपाशी आहेस म्हणून. मामा म्हणाला, रस्ता खराब आहे म्हणून. मुलगी बघायला जायचं आणि पोट दुखतंय म्हणून तोंड वाकडं करायचं हे बरं दिसत नाही, असं मला वाटलं. मी गप्प बसलो.

बैठकीत सगळे बसले. मामानं आमच्या घराण्याची माहिती सांगायला सुरुवात केली. सासरे, म्हणजे तेव्हाचे डॉक्टरसाहेब, ते ऐकत नव्हते. मामा आमच्या पणजोबांपर्यंत पोचला होता, तेव्हा ते मधेच म्हणाले, "पाहुणे, जरा खोका."

मी म्हणालो, "मी?"

"तुम्हीच. खोका जरा."

मला वाटलं, ही काही त्यांच्याकडची रीत असेल. मी खोकलो आणि उजवीकडे कळ अशी आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"कधीपास्नं दुखतंय?"

"काल संध्याकाळपासून."

"मग कावून लपवून ठिवलं?"

त्यांनी मला तिथंच दिवाणावर आडवं केलं, शर्ट वर केला, पँटचं बटण काढलं. आई म्हणाली, "अहो, आधी मुलगी तरी दाखवा." ते म्हणाले, "मुलगी कुठं जात न्हाई. हे जाईल." आणि माझ्या पोटावर हात ठेवला. त्यांनी डावीकडे दाबलं आणि मला उजवीकडे दुखलं. दाबलेला हात पटकन उचलला, तेव्हा तर मी ओरडलोच. नेमक्या त्या क्षणी मंजू पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली.

आमची पहिली नजरानजर ती. ती पोह्यांच्या बशा धरून दारात उभी, आणि मी तिच्या वडिलांच्या हाताखाली अर्धा उघडा.

तासाभरात मी खाली थिएटरमध्ये होतो. मणक्यात भूल दिलेली, त्यामुळे कमरेखाली काही कळत नव्हतं, पण डोकं शुद्धीवर होतं. समोर हिरवा पडदा. पडद्याच्या पलीकडे भांड्यांचा आवाज आणि त्यांचा आवाज. त्यांनी विचारलं, "दारू घेता का?"

"नाही."

"कधीच न्हाई?"

"एकदा घेतली होती. कॉलेजात."

"बरं. घरात दोघांचं भांडण लागलं तर मधी पडता का बाहेर निघून जाता?"

मी विचार केला. पोट उघडं असताना माणसाला खोटं बोलायचा धीर होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणालो, "बाहेर निघून जातो."

मग ते सिस्टरला म्हणाले, "कैची द्या." माझं उत्तर त्यांना पटलं की नाही, ते कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

काढलेलं अपेंडिक्स ट्रेमध्ये घालून त्यांनी बाहेर माझ्या वडिलांना दाखवलं. हा त्यांचा कायमचा नेम होता. नातेवाइकांनी बघितलंच पाहिजे. "तुमच्या माणसाच्या पोटातनं मी काय काढलं ते तुमी बघायचं न्हाई तर कुणी?" वडिलांनी बघितलं आणि ते बाकावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. मामानं मात्र त्या गडबडीतही विचारून घेतलं, "मग साहेब, मुलगा कसा वाटला?"

ते म्हणाले, "आतून चांगला हाय."

लग्न ठरलं ते असं. आमच्या आईला हे शेवटपर्यंत पचलं नाही. कड्याला परतल्यावर बायका विचारायच्या आणि आई सांगायची, "पोरगी बघाया गेलतो अन् पोरगं कापून आनलं. मला तर वाटतं, त्याला दुखत बिखत काय नव्हतं. एसटीच्या धक्क्यानं जरा कळ आली आसंल. जावई हातचा जाऊ नये म्हनून धरून ठिवला त्या बाबानं." मी सांगायचो की अगं, मला खरंच दुखत होतं. पण दहा जणांनी दहा वेळा हसून विचारल्यावर माझीच मला खात्री वाटेनाशी झाली. किती दुखत होतं? कापण्याइतकं होतं का? दुखणं गेल्यावर ते आठवता येत नाही.

टाके काढेपर्यंत मी हॉस्पिटलातच होतो. दुसऱ्या दिवशी मंजू खाली आली. तिनं पहिला प्रश्न हाच विचारला, "तुम्हाला खरंच दुखत होतं का?"

"हो."

"मग ठीक आहे. बाबांचा काही भरवसा नाही." ती स्टुलावर बसली. "माझ्यासाठी आलेल्या आधीच्या स्थळाला त्यांनी जीभ दाखवायला लावली होती. ते लोक पोहे न खाता गेले."

मग ती रोज येऊ लागली. मला पातळ वरण आणायची आणि वडिलांबद्दल तक्रारी सांगायची. तिची एक तक्रार मला तेव्हा गमतीची वाटली होती. ती म्हणाली, "बाबांनी आयुष्यात कधी माझी चौकशी केली नाही. तपासणी केली." शाळेतून रडत आली तर ते तिची खालची पापणी ओढून बघायचे. बारावीला गणितात नापास झाली तेव्हा त्यांनी पापणी बघितली, नखं बघितली आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. का रडतेस, काय झालं, कोण काय बोललं, असं कधी नाही. पोटावर हात ठेवायचा, दाबायचं, "ठीक" म्हणायचं आणि खाली निघून जायचं. "मी त्यांची मुलगी नाही," मंजू म्हणाली. "मी त्यांचा पेशंट आहे. दुखत नसलेला पेशंट."

मी हसलो, टाके ताणले गेले, आणि हसायचं थांबलो.

लग्नात पाठवणीच्या वेळी सगळं घर रडत होतं. सासूबाईंना धरून ठेवावं लागलं. मंजू वडिलांच्या गळ्यात पडली. ते तसेच ताठ उभे. मग त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं, डाव्या हातातल्या घड्याळाकडे नजर लावली आणि ओठ हलवत नाडी मोजू लागले. पूर्ण मोजून झाल्यावर म्हणाले, "जरा जास्त हाय. होईल कमी." मंजूनं हात हिसडून घेतला आणि गाडीत येऊन बसली. कड्याच्या वाटेवर धारूरचा घाट उतरेपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं माहेर सुटल्याचं दुःख. ती रागानं बसली होती हे मला फार उशिरा कळलं.

त्यांचं मूळ गाव घाटनांदूर. शिकायला बाहेर गेले, मोठ्या शहरात राहता आलं असतं, पण परत आले. त्याचं कारण मी एकदा विचारलं होतं. मला काहीतरी मोठं उत्तर मिळेल असं वाटलं होतं. ते म्हणाले, "तिथं माणसं पोटात काय होतंय ते इंग्रजीत सांगायची. मला कळायचं न्हाई." इथली माणसं म्हणत, पोटात गोळा फिरतोय, आतडं पिळतंय, काळीज खाली आल्यासारखं होतंय. ते म्हणायचे, यातलं प्रत्येक खरं असतं.

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. बाजारात कुणी नमस्कार केला तर ते गोंधळून बघत. मग तो माणूस म्हणे, "साहेब, माझं हर्नियाचं केलतं तुमी," आणि यांचा चेहरा उजळे. "उजवीकडचा! दोनदा खोकल्यानं टाका ओढला होता, तो!" एकदा एका लग्नात नवरदेवाच्या वडिलांना त्यांनी भर मांडवात विचारलं, "वारा सरतो का नीट?" त्या माणसानं अगदी आदरानं सांगितलं, "सरतो साहेब, तुमच्या कृपेनं." आजूबाजूच्या कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र कुठं तोंड लपवू असं झालं.

घरात ते सुरीला हात लावत नसत. कलिंगड कापायचं असलं की बाहेर जाऊन उभे राहत. मंजूच्या वाढदिवसाला केक यायचा, तो त्यांनी कधी कापू दिला नाही. हातानं तोडा, म्हणायचे. आणि गाठी! दुधाची पिशवी, धान्याचं पोतं, सुटकेसचं तुटलेलं बक्कल, सगळीकडे त्यांच्या त्या बारीक, घट्ट गाठी. त्या सोडवणारा कुणी घरात जन्मला नव्हता. सासूबाई वैतागून म्हणायच्या, "कापायचं काम आम्ही करायचं, बांधायचं तुम्ही." त्यांना यात विनोद दिसत नसे. "बांधलेलं सुटलं तर मग काय उपेग?" ते गंभीरपणे विचारत.

मला ज्याचा मेळ कधीच लागला नाही ती गोष्ट वेगळीच आहे. ज्या माणसानं मला तासाभरात कापलं, तो माणूस अख्ख्या तालुक्यात न कापण्याबद्दल बदनाम होता.

आमच्या जिल्ह्यातून ऊसतोडीला बायका जातात हे मी सांगायला नको. दिवाळीच्या आधी टोळ्या निघायच्या, आणि त्याआधी बायका गर्भाची पिशवी काढून घ्यायला यायच्या. पोटात दुखतं, पाळीचा त्रास आहे, फडात सुट्टी मिळत नाही. एकदा मी तिथं असताना एक मुकादम जीपमधून चार जणींना घेऊन आला. सगळ्यांत लहान जी होती ती तिशीचीही नसेल. सासऱ्यांनी मुकादमाला बाहेर बसवलं आणि तिला विचारलं, "तुला काढायची हाय का?"

ती म्हणाली, "मुकादम म्हनत्यात काढ."

"मुकादमाला पिशवी हाय का?"

ती हसली. पदर तोंडाशी धरून हसली. मग रडायला लागली. त्यांनी तपासलं, औषध लिहून दिलं, म्हणाले तीन महिने हे घे, मग ये. कापायचं न्हाई. मुकादम आत आला आणि भांडला. "साहेब, सर्जन हाय का काय हाय तुमी? कापाया नगं म्हनता." सासरे म्हणाले, "तुझी काढतो, ये." एवढ्यावर जीप निघून गेली.

ती बाई परत आली नाही. तिनं दुसरीकडे करून घेतलं असं पुढे कळलं. ते ऐकून सासरे जेवताना उठून गेले. चार-पाच दिवस कुणाशी बोलले नाहीत. मी सासूबाईंना म्हणालो, यांनी केलं असतं तर निदान नीट तरी झालं असतं. कसं कुणास ठाऊक, त्यांच्या कानावर ते गेलं. मला बोलावून म्हणाले, "केमिस्ट, तुमचं म्हणणं बरोबर असंल. मी रोज तेच घोकतोय." बस्स. मी तयारीनं गेलो होतो की ते चिडतील, चार गोष्टी सुनावतील. त्यांनी माझ्याच मुद्द्याला मान डोलावली. त्यांचं चुकलं होतं की बरोबर होतं, हे ते मला विचारत होते आणि मला ठाऊक नव्हतं.

वर्षं गेली. आम्ही बीडला आलो. आम्हाला ओम झाला. सासऱ्यांनी सत्तरीला हॉस्पिटल मुजीबच्या हाती दिलं. डॉ. मुजीब त्यांच्या हाताखाली तयार झालेला, गावातल्याच एका मेकॅनिकचा मुलगा. यांना देव मानायचा, म्हणजे त्याच्या घरात चालेल तेवढं. ऑपरेशनं सासऱ्यांनी थांबवली होती पण रोज खाली जाऊन बसत. अवघड पोट आलं की मुजीब म्हणे, "सर, एकदा हात लावून बघता?" ते हात लावत, डोळे मिटत आणि सांगत. मुजीब म्हणायचा, सोनोग्राफी मागाहून तेच म्हणते.

ओम पंधरा वर्षांचा असताना दिवाळीला आम्ही अंबाजोगाईत होतो. पाडव्याच्या सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. एक उलटी झाली. सासऱ्यांनी त्याला झोपवलं, पोटावर हात ठेवला. फार हळू. इतका हळू हात ठेवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "काही न्हाई. चकल्या जास्त झाल्या." आणि सासूबाईंना ओवा द्यायला सांगितलं. ओवा! आयुष्यात त्यांनी कुणाला ओवा दिला नव्हता.

दुपारी ओमला ताप आला. मंजूनं परस्पर मुजीबला वर बोलावलं. त्यानं तपासलं आणि जरा अवघडून उभा राहिला.

"सर, मला अपेंडिक्स वाटतंय."

"तुला वाटतंय. मला न्हाई वाटत."

"सोनोग्राफी करू का?"

"कर."

सोनोग्राफी केली. आतड्यात वारा फार, जागा नीट दिसत नाही, असं आलं. मुजीब माझ्याकडे बघायला लागला. मी सासऱ्यांकडे. ते ओमच्या उशाशी बसले होते आणि त्यांचा हात त्याच्या पोटावर होता. म्हणाले, "थांबू. उद्यापर्यंत बघू." माझ्या मनात एकाच वेळी दोन गोष्टी होत्या. एक, या हाताकडून कधी चूक झालेली मी ऐकली नाही. दुसरी, हा हात आज दाबत का नाहीये? तो नुसता ठेवलेला होता. जसा आपण ठेवतो.

मुजीब हळूच म्हणाला, "सर, थांबलो आणि फुटलं तर..."

"मी सांगतोय ना."

मंजू तोपर्यंत भिंतीला टेकून उभी होती. ती पुढे आली. "बाबा, त्याला खोकायला सांगा."

त्यांचा हात तसाच पोटावर राहिला.

"बाबा, खोकायला सांगा ना."

"त्याला दुखेल," ते म्हणाले.

मी आणि मुजीबनं एकमेकांकडे पाहिलं. ज्या माणसानं मांडवात, बाजारात, एसटी स्टँडवर अख्ख्या तालुक्याला खोकायला लावलं होतं, तो म्हणत होता, दुखेल.

मंजूचा आवाज चढला नाही. ती म्हणाली, "बाबा, हात काढा."

त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी अनोळखी भाषा ऐकावी तसं काहीतरी होतं. मग त्यांनी हात उचलला आणि आपल्या मांडीवर ठेवला. मंजू म्हणाली, "ओम, खोक." तो खोकला आणि कळवळून कुशीवर वळला. "मुजीबभाई, घ्या याला आत," ती म्हणाली. मी सही केली. माझी सही मला ओळखू आली नाही.

थिएटरबाहेरच्या बाकावर सासरे माझ्याशेजारी बसले. त्या बाकावर ते याआधी कधी बसले असतील असं मला वाटत नाही. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "आत काय चाललं असंल हो?"

मी म्हणालो, "ते तुम्हालाच माहीत, बाबा."

"न्हाई," ते म्हणाले. "मला काई माहीत न्हाई." जरा वेळानं, "भूल नीट दिली असंल ना?" मग उठून दाराच्या काचेला डोळा लावून आले. परत बसले. परत उठले. एका सिस्टरला हात जोडून विचारलं, "बाई, किती वेळ लागंल अजून?" ती बिचारी त्यांच्याच हाताखाली वीस वर्षं काम केलेली. ती त्यांच्या पायाशी वाकली आणि रडतच आत गेली.

मुजीब ट्रे घेऊन बाहेर आला. अपेंडिक्स काळं पडलं होतं, टोकाशी झिरपायला लागलं होतं. त्यानं ट्रे सरांपुढे धरला. सरांनी ट्रेकडे पाहिलं नाही. "पोरगं कसंय?" एवढंच विचारलं.

"चांगलंय सर. वेळेवर झालं."

मला तेव्हा प्रचंड संताप आला. वेळेवर. म्हणजे या माणसाचं ऐकलं असतं तर? मी त्यांच्याकडे वळलो, तर ट्रे बाकावर होता आणि ते मुजीबचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन उभे होते. ग्लोव्हजमधून नुकतेच निघालेले, पांढरे पडलेले हात. ते त्या हातांकडे बघत होते. माझा संताप कुठं गेला ते कळलं नाही. पुरता गेला असंही म्हणता येत नाही.

त्यानंतर त्यांनी कुणाच्या पोटाला हात लावला नाही. ओम बरा होत असताना त्याच्याजवळ बसून राहत. मुजीब म्हणाला, "सर, तुम्ही एकदा बघा ना." तर म्हणाले, "तू बघ. मी नुसता बसलोय." ओम त्यांना मोबाइलवर क्रिकेट दाखवायचा. त्यांना त्यातलं काही कळत नसे. तरी बघत बसत.

आणि मंजू दोन दिवस रडत होती. मला वाटलं, मुलाची काळजी. मी म्हणालो, अगं, आता तो बरा आहे. मग वाटलं, वडिलांचा राग असेल. म्हणालो, म्हातारपण आहे, चुकलं त्यांचं. ती माझ्यावरच भडकली. "म्हातारपण नाही ते!" म्हणाली. "ओमचं दुखायच्या आदल्या दिवशीच त्यांनी खाली एका बाईचं पोट बरोबर सांगितलंय. मुजीबभाईंना विचार." मग काय आहे, विचारलं तर बॅग भरायला लागली. बीडला परतताना म्हणाली, "दर पंधरा दिवसांनी आपण इकडे येऊ." आणि त्यानंतर आम्ही येत राहिलो. पूर्वी ती वर्षातून दोनदा यायची, तीही सासूबाईंसाठी.

सासरे दोन वर्षांनी गेले. दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

भेटायला माणसं लोटली. पहिल्याच दिवशी घाटनांदूरचे एक आजोबा आले, बसले, पाणी प्यायले आणि कुणी काही विचारायच्या आधी त्यांनी सदरा वर केला. बरगडीखाली एक लांब, आडवा व्रण. "हे साहेबांचं," ते म्हणाले. "चाळीसेक वर्षं झाली. बघा, कसं बारीक शिवलंय." मग शेजारच्या माणसानं आपला दाखवला. मोंढ्यातले एक फळवाले चाचा आले, त्यांनी कुर्ता उचलला. उमापूरहून एक अख्खं कुटुंब आलं, त्यात बाप आणि लेक दोघांचे. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, पण तेरा दिवस ते चालू राहिलं. माणसं यायची, डोळे पुसायची आणि पोट उघडं करायची. बायका आत मंजूपाशी जाऊन दाखवायच्या. आपण नेमकं काय बोलायचं असतं अशा वेळी, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी प्रत्येक व्रणाकडे नीट बघायचो आणि मान हलवायचो.

शेवटच्या दिवशी एक म्हातारी आली. कानानं कमी, आवाज मोठा. तिनं सगळ्यांदेखत पोलक्याखालचा व्रण दाखवला, पित्ताशयाचा. मग ओम समोर दिसला तर विचारलं, "नातू का? तुला काय केलं रं आज्यानं?"

ओमनं टी-शर्ट वर केला. "हा आहे. पण हा आजोबांनी नाही केला. मुजीबकाकांनी."

"कावून? आजा व्हता ना?"

"होते."

"मंग?"

कोपऱ्यात मुजीब बसला होता, त्यानं मान खाली घातली. ओम माझ्याकडे बघायला लागला. मी काही बोलायला तोंड उघडलं. वयाचं काहीतरी सांगणार होतो.

मंजू आतून चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. म्हणाली, "त्याचं पोट दाबायला त्यांना जमलं नाही, मावशी."

"आँ?"

"जमलं नाही! त्यांना!" मंजू मोठ्यानं म्हणाली.

"एवढा मोठा डाक्टर, अन् नातवाचं जमलं न्हाई?"

"न्हाई जमलं," मंजू म्हणाली. "एवढं एकच न्हाई जमलं." आणि ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. लहान मुलीला कुणी विचारावं, ही बाहुली कुणाची, आणि तिनं माझी म्हणावं, तसं होतं ते हसणं. हसता हसता तिचे डोळे भरून वाहायला लागले, ते तिनं पुसलेही नाहीत.

म्हातारीला काही उमगलं नाही. मला थोडं उमगलं, असं वाटलं, आणि लगेच निसटलं. काय करावं सुचेना म्हणून मी उठलो, मंजूच्या हातातला कप घेतला आणि म्हातारीच्या पुढ्यात नेऊन ठेवला.